गाडीशिवाय इमॅजिका: ११५ किलोमीटर सोपे, मग शेवटचे १० अवघड का?

सुट्ट्या जवळ आल्या की व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. 'या रविवारी इमॅजिका?' पाच मिनिटांत दहा-बारा अंगठे वर होतात. मग कुणीतरी विचारतं, 'गाडी कुणाकडे आहे?' आणि ग्रुप शांत होतो.

हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या दर १०० कुटुंबांपैकी सुमारे ८ कुटुंबांकडेच चारचाकी आहे. दुचाकी जवळपास निम्म्या घरांत पोहोचली आहे, पण मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे राज्यातल्या सगळ्यात मोठ्या थीम पार्कपैकी एक ज्या रस्त्याच्या भरवशावर उभा आहे, त्या रस्त्यावर बहुतेक घरांचं स्वतःचं वाहन चालतच नाही.

तरीही गाडीशिवाय तिथे जाता येतं, एका दिवसात जाऊन परतही येता येतं. फक्त त्याचं गणित वेगळं आहे. ते काय आहे आणि ते इतकं अवघड का झालं, हे समजून घेऊया.

पार्क नेमका आहे कुठे?

'मुंबईजवळ' किंवा 'लोणावळ्याजवळ' असं इमॅजिकाबद्दल सर्रास म्हटलं जातं. प्रत्यक्षात हा पार्क रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यातल्या सांगडेवाडीत, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. तो २०१३ मध्ये सुरू झाला. पुढे त्याच परिसरात वॉटर पार्क, हॉटेल आणि स्नो पार्क आले.

जागा निवडण्यामागचा विचार नकाशावर लगेच दिसतो. मुंबई आणि पुणे, दोन्ही शहरांना जोडणारा एक्सप्रेसवे आणि त्यावरून खोपोलीला उतरण्याची सोय. कारवाल्यांसाठी याहून सोयीची जागा क्वचितच मिळेल. एक्सप्रेसवेवरून उतरलं की काही किलोमीटरवर थेट पार्किंग.

आता तोच नकाशा कार नसलेल्याच्या नजरेनं पाहा. सगळ्यात जवळचं रेल्वे स्टेशन खोपोली. तिथून पार्क सुमारे आठ ते दहा किलोमीटर. एक्सप्रेसवेवरून धावणाऱ्या पुणे-मुंबई थेट बस खोपोली गावात शिरत नाहीत. कंडक्टरला विनंती करून मध्येच कुठेतरी उतरायचं, हा मार्ग डोक्यातून काढूनच टाका. एक्सप्रेसवेवर पायी चालायला मनाई आहे आणि ते जिवावर बेतू शकतं.

मुंबई-ठाण्याहून कसं जायचं?

मुंबईकरांसाठी पहिला टप्पा सोपा आणि स्वस्त आहे. सीएसएमटीहून खोपोलीला थेट लोकल आहेत. अंतर सुमारे ११५ किलोमीटर, वेळ साधारण अडीच तास. सेकंड क्लासचं तिकीट पन्नास रुपयांच्या आत. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट. पश्चिम उपनगरातून येणाऱ्यांनी दादरला गाडी बदलायची. ठाणे, डोंबिवली, कल्याणवाल्यांचा प्रवास तर आणखी कमी.

थेट खोपोली लोकल मोजक्या आहेत. त्या चुकल्या तर कर्जत लोकल पकडायची आणि कर्जतला खोपोलीची गाडी घ्यायची. कर्जत-खोपोली हा मार्ग एकेरी आहे. मध्ये पळसदरी, केळवली, डोलवली आणि लौजी ही छोटी स्टेशनं. इथे मुंबईसारखी दर पाच मिनिटांनी गाडी नसते. एक सुटली तर पुढच्या गाडीसाठी बराच वेळ थांबावं लागू शकतं. कर्जतचा वडापाव खायला तेवढा वेळ पुरतो, पण राइडच्या रांगेत उभं राहायचा वेळ तिथेच जातो.

दुसरी मेख रविवारची. बहुतेकांना सुट्टी त्याच दिवशी आणि मध्य रेल्वेचा मेगाब्लॉकही त्याच दिवशी. शिवाय रविवारी लोकलच्या फेऱ्याही कमी असतात. त्यामुळे शनिवारी रात्री दोन गोष्टी पाहायच्या: दुसऱ्या दिवशीचा ब्लॉक कुठे आहे, आणि कर्जत-खोपोली दरम्यान काही वेगळं काम निघालंय का.

नवी मुंबई आणि पनवेलवाल्यांना लोकलनं जायचं तर ठाणे-कल्याणचा मोठा वळसा पडतो. त्यांच्यासाठी पनवेलहून खोपोलीला जाणारी एसटी जास्त सरळ.

पुण्याहून जायचं असेल तर?

पुण्याहून अंतर कमी, पण सलग गाडी नाही. कारण खोपोली हे पुणे-मुंबई मुख्य रेल्वेमार्गावर नाहीच.

यामागे एक जुनी गोष्ट आहे. रेल्वे खोपोलीला पोहोचली १८५६ मध्ये. १८५८ मध्ये वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतची गाडी सुरू झाली, पण मधला बोरघाट अजून फोडायचा होता. पुढची पाच वर्षं लोक खोपोलीला उतरायचे, पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडीनं घाट चढायचे आणि वर जाऊन दुसरी गाडी पकडायचे. १८६३ मध्ये घाटातला रेल्वेमार्ग सुरू झाला तो पळसदरीकडून. खोपोली एका फाट्याच्या टोकाला राहिली, ती आजही तिथेच आहे.

म्हणून पुणेकरांपुढे आज तीन पर्याय उरतात.

पहिला, लोणावळा लोकल. सुमारे दीड तासात लोणावळा आणि तिथून घाट उतरून खोपोलीला जाणारी एसटी.

दुसरा, पुण्याहून खोपोलीमार्गे पालीकडे जाणारी एसटी. अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचं पाली याच रस्त्यावर पुढे आहे, त्यामुळे पालीची बस पार्कच्या जवळून जाते. मात्र कुठे थांबणार, हे बसमध्ये चढतानाच विचारून घ्यायचं.

तिसरा, मुंबईकडे जाणाऱ्या रेल्वेनं कर्जत आणि तिथून मागे खोपोली लोकल. पण सगळ्या गाड्या कर्जतला थांबत नाहीत. तिकीट काढण्याआधी थांबा तपासायचा.

एसटीनं जाण्यात एक मोठा फायदा आहे. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या भाड्यात ५० टक्के सवलत आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं भाडं आणि पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत. आई, आजी आणि दोन मुली असलेल्या कुटुंबाचा प्रवासखर्च त्यामुळे बराच खाली येतो.

खरी अडचण सुरू होते खोपोलीत

आता आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. चार जणांचं कुटुंब सीएसएमटीहून खोपोलीला आलं, तर ११५ किलोमीटरचं एका बाजूचं भाडं सगळ्यांचं मिळून दोनशे रुपयांच्या आत.

पुढचे दहा किलोमीटर? मुंबई महानगर प्रदेशात फेब्रुवारी २०२५ मध्ये रिक्षाचे दर वाढले. पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. या हिशेबानं दहा किलोमीटरचे १७० रुपयांच्या आसपास होतात. पण हा झाला मीटरचा हिशेब. लहान गावांच्या स्टेशनबाहेर रिक्षा सहसा मीटरवर नाही, ठरवून चालते. आणि रिक्षात नियमानं तीनच प्रवासी बसतात. चौघांना दोन रिक्षा कराव्या लागल्या, तर शेवटचे दहा किलोमीटर आधीच्या ११५ किलोमीटरपेक्षा महाग पडतात.

याचा दोष रिक्षावाल्याला देऊन भागत नाही. त्याच्या बाजूनं विचार केला की कारण कळतं. पार्कला जाणारे सगळे सकाळी दोन तासांत जातात आणि संध्याकाळी दोन तासांत परततात. सकाळी तो पार्कपर्यंत गेला तर परतीचं भाडं मिळत नाही, दहा किलोमीटर रिकामं यावं लागतं. दिवसभर त्या रस्त्यावर पार्कचं गिऱ्हाईक नसतं. त्यामुळे तो दोन्ही बाजूंचे पैसे एकाच फेरीत मागतो. शेअर रिक्षा नेहमी भरायची तर दिवसभर माणसं लागतात.

ॲपवरच्या कॅबचंही तेच. शहरातून येताना कॅब मिळून जाते, कारण निघताना आजूबाजूला शेकडो गाड्या असतात. संध्याकाळी सातला पार्कच्या दारात उभं राहून ॲप उघडलं, तर आसपास गाडी असेलच असं नाही. अनेक बेत जाताना नाही, येताना फसतात ते यामुळेच.

यातून एक चक्र तयार होतं. सोय नाही म्हणून कार नसलेले लोक येत नाहीत. ते येत नाहीत म्हणून सोय सुरू करणं कुणालाच परवडत नाही.

मुंबईचा आधीचा पार्क असा नव्हता

१९८९ मध्ये गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं. तिथे जायचा नेहमीचा मार्ग आठवून पाहा. बोरिवली स्टेशन, तिथून बेस्टची बस गोराई खाडीपर्यंत, मग फेरीबोट. मालाडकडून येणारे मार्वेच्या धक्क्यावरून बोट पकडायचे. कार असली तरी बहुतेकांना शेवटी त्याच बोटीत बसावं लागायचं.

म्हणजे मुंबईच्या एका अख्ख्या पिढीची थीम पार्कची पहिली सहल लोकल, बस आणि बोटीनंच झाली. त्यात मुद्दाम पर्यावरण वाचवण्याचा विचार वगैरे नव्हता. पार्क जिथे होता, तिथवर सार्वजनिक वाहतूक पोहोचत होती, इतकंच. एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झालं. त्याच्या शेजारचं वॉटर किंगडम सुरू आहे.

मधल्या काळात २००२ मध्ये एक्सप्रेसवे पूर्ण झाला आणि नव्या पार्कची जागा स्टेशन किंवा धक्क्याजवळून एक्सप्रेसवेच्या उतारावर सरकली. मोठ्या पार्कला शेकडो एकर जमीन लागते आणि ती शहरात परवडत नाही, हेही खरं. पण जागा बदलताना शेवटच्या टप्प्याची जबाबदारी कुणाची, हे ठरलं नाही.

इतर ठिकाणी काय केलं जातं?

बाहेरच्या देशांत पार्क शहराबाहेर असूनही हा प्रश्न सुटलेला दिसतो. पॅरिसजवळच्या डिस्नेलँडसाठी १९८७ मध्ये फ्रान्स सरकार आणि डिस्ने यांच्यात करार झाला, त्यातच उपनगरी रेल्वे पार्कपर्यंत नेण्याचं ठरलं. पार्क एप्रिल १९९२ मध्ये उघडला आणि आरईआर-ए ही गाडी त्याच महिन्यात दारापर्यंत पोहोचली. हाँगकाँगमध्ये २००५ साली पार्क उघडण्याच्या आधीच त्यासाठीची खास मेट्रो लाइन सुरू झाली होती. टोकियोचा पार्क १९८३ चा. तिथलं माइहामा स्टेशन पाच वर्षांनी, १९८८ मध्ये आलं. उशिरा का होईना, आलं.

'ते श्रीमंत देश आहेत' असं कुणी म्हणेल. मग जवळचं उदाहरण घ्या. बंगळुरूचं वंडरला शहराबाहेर बिदडीजवळ, म्हैसूर रस्त्यावर आहे. तिथे जायला बंगळुरूच्या शहर बससेवेच्या, म्हणजे बीएमटीसीच्या बस आहेत.

त्याहून जवळचं उदाहरण रायगड जिल्ह्यातच सापडतं. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला बोटीनं गेलात, तर बोटीच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसचा प्रवास मिळतो. बोट धक्क्याला लागली की बस उभी असते. मांडवा धक्का अलिबाग गावापासून वीसेक किलोमीटरवर, म्हणजे खोपोली-इमॅजिकाच्या जवळपास दुप्पट अंतर. तरी पावसाळा सोडला तर अलिबागला कारशिवाय जाणं कुणाला अवघड वाटत नाही. तिथे नवा रस्ता किंवा नवी रेल्वे लागली नाही. बोटीच्या वेळेला बस आणि दोन्हींचं एक तिकीट, एवढ्यावर काम झालं.

पैसा कुठे जातोय?

या पट्ट्यात सरकारी पैसा येत नाही असं अजिबात नाही. खोपोली ते कुसगाव हा सुमारे १३ किलोमीटरचा 'मिसिंग लिंक' प्रकल्प एक्सप्रेसवेवरचा घाटाचा भाग टाळण्यासाठी आखला गेला. त्यातून मुंबई-पुणे अंतर सुमारे सहा किलोमीटरनं कमी करण्याचा हेतू आहे. रेल्वेच्या बाजूनं एमयूटीपी-३ मध्ये पनवेल-कर्जत हा सुमारे ३० किलोमीटरचा उपनगरी मार्ग आहे. नवी मुंबईकरांना कल्याणचा वळसा न घालता कर्जत गाठता यावं, हा त्यामागचा उद्देश.

दोन्ही प्रकल्प गरजेचे आहेत. पण दोन्ही मोठ्या अंतराचे आहेत. एकानं कारवाल्याची मिनिटं वाचतात, दुसऱ्यानं नवी मुंबईकर कर्जतपर्यंत लवकर येतो. खोपोली स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या कुटुंबाला पुढचे दहा किलोमीटर कोण नेणार, याचं उत्तर दोन्हींत नाही.

त्याचं उत्तर तुलनेनं फारच स्वस्त आहे. सकाळच्या दोन-तीन लोकलच्या वेळेला आणि संध्याकाळी पार्क सुटताना धावणारी बस. ती एसटीनं चालवावी, पार्कनं की दोघांनी मिळून, यावर चर्चा होऊ शकते. मोठ्या माणसाचं प्रवेशाचं तिकीट हजाराच्या पुढे असताना त्यात बसचे थोडे रुपये मिळवले, तर गिऱ्हाईक कमी होण्यापेक्षा वाढण्याचीच शक्यता जास्त. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीमुळे जी फेरी रिक्षावाल्याला परवडत नाही, तीच चाळीस सीटच्या बसला परवडू शकते, कारण सगळे एकाच वेळी येतात आणि एकाच वेळी जातात.

यात फक्त मौजमजेचा प्रश्न नाही. त्या रस्त्यावर पार्कमध्ये आणि हॉटेलात काम करणारे लोकही रोज ये-जा करतात. कॉलेजच्या मुलामुलींकडे कार नसते. आणि अंधार पडल्यावर परत कसं यायचं हे नक्की नसेल, तर घरातून सगळ्यात आधी मुलींना 'नको' म्हटलं जातं. शेवटचे दहा किलोमीटर कोण आत येणार आणि कोण बाहेर राहणार, हे न बोलता ठरवून टाकतात.

तोवर जायचंच असेल तर?

प्लॅन परतीपासून सुरू करा. आधी खोपोलीहून निघणारी कोणती गाडी पकडायची ते ठरवा आणि तिच्या आधीची एक गाडी लक्षात ठेवा. त्या गाडीच्या किमान एक तास आधी पार्कमधून बाहेर पडायचं. शेवटच्या गाडीवर भिस्त ठेवू नका.

परतीचं वाहन सकाळीच ठरवा. स्टेशनवरून ज्या रिक्षानं किंवा सहा आसनी गाडीनं जाल, त्याच चालकाशी संध्याकाळची वेळ आणि भाडं बोलून घ्या, नंबर घ्या. त्यालाही दोन्ही फेऱ्यांची खात्री मिळते, त्यामुळे भाव करायला वाव राहतो.

पार्कची बस आहे का ते पाहा. मुंबई-पुण्याहून प्रवेश आणि बस एकत्र असलेली पॅकेजेस पार्ककडून दिली गेली आहेत. ज्या दिवशी जायचं त्या दिवशी, तुमच्या जवळच्या थांब्यावरून ती आहे का, हे तिकीट काढण्याआधी विचारा.

जमलं तर रविवार टाळा. मेगाब्लॉकही टळतो आणि राइडच्या रांगाही.

वेळेचा हिशेब खरा ठेवा. सीएसएमटीहून सकाळी सातच्या आसपास निघालात, तर पार्कच्या दारात पोहोचायला साडेदहा वाजतात. संध्याकाळी साडेसहाला बाहेर पडलात, तर घरी पोहोचेपर्यंत दहा. म्हणजे आठ तास पार्क आणि सात तास प्रवास. थीम पार्क आणि वॉटर पार्क दोन्ही एकाच दिवसात करायचा मोह या हिशेबात बसत नाही.

सामान कमी ठेवा. गाडीची डिकी सोबत नाही, हे विसरू नका. ओले कपडे दिवसभर स्वतःच्याच पाठीवर असणार. बाहेरचं खाणं अशा पार्कमध्ये सहसा आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे डबा लोकलमध्येच संपवा.

मोठा ग्रुप असेल तर एसटीचा 'प्रासंगिक करार' विचारात घ्या. म्हणजे अख्खी बस एका दिवसासाठी भाड्यानं घेणं. सोसायटी, मंडळ किंवा ऑफिसमधले चाळीसेक जण जमले, तर दारातून दारात प्रवास होतो आणि शेवटच्या दहा किलोमीटरचा प्रश्नच येत नाही. शाळांच्या सहलींना एसटी भाड्यात सवलतही देते.

या यादीतली जवळपास प्रत्येक गोष्ट प्रवाशानं स्वतः करायची आहे. वेळापत्रक जुळवा, ब्लॉक तपासा, रिक्षा ठरवा, नंबर घ्या. मांडव्याला उतरणाऱ्या प्रवाशाला यातलं काहीच करावं लागत नाही, कारण ते काम कुणीतरी आधीच केलेलं असतं. खोपोलीतही ते कुणीतरी करेपर्यंत 'गाडी कुणाकडे आहे?' हाच पहिला प्रश्न राहणार.